सेल्फ फिरतो, ट्रॅक्टर सुरू होत नाही: आधी धुराकडे बघा

जुन्या डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ मारला, इंजिन फिरलं, पण काही केल्या पकडेना. अशा वेळी बहुतेकांचा पाना थेट डिझेल पंपाकडे वळतो. माझ्या मते पाना खाली ठेवून आधी सायलेन्सरच्या तोंडाकडे बघावं. सेल्फ फिरत असताना तिथून धूर येतो का, एवढं कळलं तरी निम्मी शोधाशोध वाचते. धुराला इतकं महत्त्व का, हे डिझेल इंजिन पेटतं कसं त्यावरून समजतं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात ती नसतेच. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापावी, आणि त्या तापल्या हवेत इंधन सोडायचं, ही रुडॉल्फ डिझेलची कल्पना. १८९७ साली त्याने ती जर्मनीत चालवून दाखवली. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे. इथे मात्र हवा मूळ जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबली जाते. २७ अंश सेल्सिअसची हवा सतराव्या हिश्शात दाबली, तर थोडी उष्णता वाया गेली असं धरूनही तापमान ५०० अंशांच्या पुढे जातं. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांना आपोआप पेट घेऊ शकतं. फरक भरपूर वाटतो खरा, पण डिझेलची वाफ होऊन ते पेटायला हाताशी वेळ असतो काही हजारांश सेकंदांचा, म्हणून एवढी जास्तीची उष्णता लागतेच.

थोडक्यात, इंजिनाच्या गरजा दोन: पुरेशी तापलेली हवा, आणि नेमक्या क्षणी आलेला डिझेलचा बारीक फवारा. सेल्फ फिरतोय आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचेच सूक्ष्म थेंब. (डिझेलच्या वासाशिवाय नुसतीच वाफ येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडरच्या ब्लॉक आणि झाकणामधल्या पॅकिंगवर.)

धूर नसेल तर क्षुल्लक गोष्टी आधी उरकाव्यात. टाकीत डिझेल आहे का. इंजिन बंद करायची ओढणी पूर्ण आत गेली आहे का; तिची केबल गंजून अडकते आणि पंपावरचा खटका ‘बंद’वरच राहतो. काही ट्रॅक्टरांत या कामाला विजेवर चालणारा खटका, म्हणजे सोलेनॉइड असतो. चावी फिरवल्यावर त्याचा ‘टक्’ आवाज आला नाही तर आधी त्याची वायर बघावी. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर आत निर्वात होऊन डिझेल उतरत नाही. फिल्टर तुंबलेला असू शकतो, त्यात पाणी साचलेलं असू शकतं, आणि कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठून तो बंदही होतो.

हे सगळं ठीक असेल तर बहुधा लाइनने एअर धरलेली असते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकलेली असते. एवढासा बुडबुडा एवढं इंजिन कसा अडवतो? सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलची सुई उघडायला साधारण २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब लागतो. डिझेल पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) एका खेपेला जेमतेम थेंबभर डिझेल ढकलतो. एवढ्या दाबाखाली डिझेल शेकडा एखादा भागच आकसतं, म्हणून दाब थेट नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र त्याच दाबाने दोनशेव्या हिश्शाइतकी व्हायला तयार असते. नळीत दोन-चार थेंबांएवढी हवा असली की प्लंजरची सगळी खेप ती दाबण्यातच जाते. प्लंजर मागे आला की हवा पुन्हा फुलते. सुई जागची हलत नाही, आणि तुम्ही सेल्फ मारत बसता.

एअर काढायची ती टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) हातदांडी मारत राहायची, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. दांडी ढिली लागत असेल तर बिघाड असेलच असं नाही. फीड पंपाचा आतला लिव्हर कॅमच्या उंचवट्यावर थांबलेला असतो, इंजिन थोडं फिरवलं की दांडीला जोर येतो. मग डिझेल पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलकडच्या टोकाचे नट थोडे सैल करून, थ्रॉटल पूर्ण देऊन सेल्फ मारायचा; तिथून डिझेल उसळलं की नट आवळायचे. त्या वेळी हात लांब ठेवा. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते. दुखायची वाट न बघता दवाखाना गाठावा.

पुन्हा पुन्हा एअर धरत असेल तर गळती फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला शोधा. तिथे पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर न येता हवाच आत शिरते आणि नळी वरून कोरडी दिसते. तांब्याचे जुने वायसर आणि तडकलेली रबरी नळी हे नेहमीचे गुन्हेगार.

आता पांढऱ्या धुराचं. डिझेल आहे, उष्णता कमी पडतेय. पहिला संशय इंजिनाच्या वेगावर. मिनिटाला २०० फेऱ्या असतील तर पिस्टन ०.१५ सेकंदात हवा दाबतो. ८० फेऱ्यांना जवळजवळ ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत उष्णता सिलिंडरच्या थंड अस्तरात (लायनरमध्ये) झिरपते आणि हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते. ‘फिरतंय की’ म्हणून पुढे जाऊ नका, किती जोरात फिरतंय ते ऐका. सेल्फ काही शे अँपियर ओढतो. गंजलेल्या टर्मिनलचा किंवा अर्थिंगचा अडथळा अवघा ०.०१ ओहम असला तरी ३०० अँपियरला १२ व्होल्टांतले ३ व्होल्ट तिथेच जातात. नवी बॅटरी आणण्याआधी टर्मिनल घासा. सेल्फ एका दमात १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिट-दोन मिनिटं तो थंड होऊ द्यावा. गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) बंद, चाकांना ओट, म्हणजे अडसर. स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करायची सवय तर सोडाच. गिअरमधला ट्रॅक्टर अचानक सुरू होऊन समोर उभ्या माणसाच्या अंगावर जातो.

थंडीत हवा तापवणारा हीटर किंवा ग्लो प्लग चालू आहे का ते बघावं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटंही सापडू शकतं. इंजिन पकडावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात त्या इथरच्या फवाऱ्याबद्दल माझं मत वाईट आहे. इथर १६०-१८० अंशांनाच पेटतो, म्हणजे पिस्टन वर येत असतानाच स्फोट. रिंगा आणि पिस्टन दोन्ही फुटू शकतात. हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो मारूच नये.

वेग चांगला, हवा मोकळी, तरी पांढरा धूर? मग टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या दांडीमधली फट तपासा. ती फार कमी असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब मोजा, डिझेलसाठीच्या गेजने, कारण निरोगी इंजिनात आकडा २५-३० बारच्या आसपास किंवा वर जातो आणि पेट्रोलचं गेज अनेकदा तिथवर पोचत नाही. डिझेल पंप उघडणं अगदी शेवटी. प्लंजर आणि त्याच्या नळीतली फट दोन-चार मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्यामुळे धुळीत बसून तो खोलू नये. पंप नुकताच उतरवून बसवलेला असेल, तर मात्र टायमिंगच्या (डिझेल नेमक्या क्षणी सुटावं म्हणून केलेल्या) खुणा सगळ्यात आधी जुळवून बघा.