ट्यूनर बदलण्याआधी भोक मोजा

इलेक्ट्रिक गिटार सुरात टिकत नाही म्हटलं की पहिला संशय ट्यूनरवर, म्हणजे तारा ताणणाऱ्या चावीच्या यंत्रणेवर जातो. बहुतेक वेळा दोष दुसरीकडेच असतो, आणि तो कुठे आहे हे थोड्या हिशेबाने कळतं.

ट्यूनरच्या चावीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात, त्याला वर्म म्हणतात. ज्या खुंटीवर तार गुंडाळतात ते पोस्ट; हे आटे त्याच्या दातेरी चाकात बसतात. चावी फिरवली की चाक फिरतं, पण चाकाकडून कितीही ओढलं तरी वर्म फिरत नाही. आट्यांचा चढ इतका कमी असतो की घर्षणच त्याला अडवून धरतं. 10 ते 46 गेजच्या (गेज म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली तारेची जाडी) सेटमध्ये एकेक तार 7 ते 9 किलो वजनाइतक्या जोराने ओढत असते, तरी पोस्ट जागचं हलत नाही ते यामुळे.

मग सूर उतरतो कसा? 648 मिलिमीटर स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची तेवढी लांबी असलेल्या गिटारवर सर्वात पातळ ई तार सुरात येईपर्यंत साधारण साडेचार मिलिमीटर ताणली जाते. तिसरी, म्हणजे साधी 17 गेजची 'जी' (G) तार मात्र जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर. दोघींवरचा ताण जवळपास सारखाच, पण 'जी' तार जाड असल्यामुळे कमी ताणली जाते. तार केसाच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे 70 मायक्रॉन, सरकली तर ई दहा-बारा सेंटने उतरते आणि जी तीसेक सेंटने. शंभर सेंट म्हणजे एक सेमिटोन, तेव्हा तीस सेंट कुणाच्याही कानाला खटकतात. सगळ्या गिटारवादकांची तक्रार जी तारेबद्दलच का असते, याचं मोठं कारण इथे आहे.

आता हे 70 मायक्रॉन सरकतात कुठे? बहुतेक वेळा नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या खाचेत. खाच अरुंद किंवा खडबडीत असली तर बेंड केल्यावर, म्हणजे सूर चढवायला तार बोटाने बाजूला ओढल्यावर, तार तिथे अडकते आणि मूळ जागी परतत नाही. चावी फिरवताना मध्येच 'टिक' असा आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर दोष नटचाच समजावा. दोन्ही बाजूंना तीन-तीन ट्यूनर असलेल्या हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाचा, ट्यूनर बसवलेला भाग) डी आणि जी तारा नटपाशी बाजूला वळतात, म्हणून तिथे हा त्रास जास्त. दुसरी जागा म्हणजे पोस्टवरचे सैल वेढे. लॉकिंग ट्यूनर नेमका हाच प्रश्न सोडवतो. तो तारेचं टोक पोस्टमध्ये चिमटून धरतो, त्यामुळे वेढा एकापेक्षाही कमी लागतो. गिअर लॉक होतो हा समज चुकीचा आहे, आणि नटच्या घर्षणावर तर त्याचा काहीच इलाज नाही.

तरीही ट्यूनर बदलायला चांगली कारणं असतात: दाते झिजलेले असतील, चावी जड फिरत असेल किंवा बारीक ट्यूनिंग हवं असेल. 14:1 गिअरमध्ये चावीच्या 14 फेऱ्यांत पोस्ट एकदा फिरतं. 18:1 असेल तर प्रत्येक फेरीत तार आणखी कमी सरकते आणि नेमका सूर पकडणं सोपं जातं.

खरी मेहनत हेडस्टॉकच्या भोकाशी आहे. जुन्या धाटणीच्या ट्यूनरचं बुशिंग (पोस्टभोवतीचं धातूचं कडं) लाकडात दाबून बसवलेलं असतं आणि भोक साधारण पावणेनऊ मिलिमीटरचं असतं. नव्या धाटणीत वरून आट्यांचा नट (तारांच्या खाचांचा नव्हे) आवळतात, त्याला बहुधा 10 मिलिमीटर लागतात. म्हणून खरेदीआधी व्हर्नियरने भोक मोजा आणि मागच्या स्क्रूंची जागाही पाहा. नवा ट्यूनर जाड असेल तर ड्रिल लावू नका. आधीच असलेल्या भोकात ड्रिलचं पातं लाकूड ओढून धरतं आणि कडेचं लॅकर टवके निघून उडतं. रीमर, म्हणजे भोक हळूहळू रुंद करणारं निमुळतं हत्यार, हातानेच, दोन्ही बाजूंनी, थोडा थोडा फिरवायचा. भोक मोठं आणि पोस्ट बारीक असेल तर अडॅप्टर बुशिंग मिळतात. माझं मत विचाराल तर जुन्या, मूळ स्थितीतल्या गिटारचं भोक वाढवूच नये, त्याच मापाचा ट्यूनर शोधावा. कापलेलं लाकूड परत येत नाही.

मागचा छोटा स्क्रू तर फारच नाजूक. मेपलसारख्या कठीण लाकडात पायलट भोक (स्क्रूसाठी आधी पाडलेलं भोक) बारीक पडलं तर त्याचं डोकं तुटून हातात येतं. त्याच्या आट्यांना थोडं मेण लावलं तर तो सहज जातो. जुनी भोकं नव्या भोकांच्या जागेजवळ येत असतील तर कठीण लाकडाची काडी गोंद लावून आत बसवा, वाळू द्या, मगच नवं भोक पाडा. वरचा नट बेताचा आवळा. जोर केला तर वॉशरखालचं लॅकर तडकतं.

तारा चढवल्यावर प्रत्येक सूर खालून वर आणत लावा. वरून खाली आलात तर दात्यांमधली बारीक फट मोकळी राहते, आणि पहिल्याच जोरदार बेंडला तार ती भरून काढते.