ओली गाठ, पिसांची फ्लाय आणि नदीचं तापमान

साध्या गळाला शिशाचा गोळा असतो. फेकल्यावर तो गोळा पुढे जातो आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हा क्रम उलटा आहे. गळावर पिसं आणि तार गुंडाळून केलेली कीटकाची नक्कल, म्हणजे फ्लाय, बहुधा ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. ती नुसती फेकून कुठेही पोचणार नाही. म्हणून इथे वजन दोरात ठेवलेलं असतं. ५ नंबरच्या लाइनचे, म्हणजे या दोराचे, पहिले ९ मीटर सुमारे ९ ग्रॅम भरतात. काठी मागे-पुढे हलवली की हा जाड, प्लास्टिकचं आवरण असलेला दोर हवेत उलगडत जातो आणि फ्लाय त्याच्या टोकाला लटकून जाते. एवढा जाड दोर माशाजवळ पडला तर मासा पळणार. त्यामुळे दोराच्या पुढे निमुळता होत जाणारा २.७ मीटरचा बारीक दोरा, म्हणजे लीडर, लावतात आणि लीडरच्या पुढे ०.१५ मिलिमीटरच्या आसपासचा आणखी बारीक दोरा, टिपेट. रिळापासून गळापर्यंत प्रत्येक सांध्यावर गाठ येते. मासा दोरा तोडून जातो तेव्हा तो बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाठींपैकी एकीत तुटतो.

भारतात या प्रकारच्या मासेमारीचं माहेरघर म्हणजे हिमालयातल्या ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या नद्या. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा. १९०० साली ब्रिटनहून आणलेली अंडी काश्मीरमध्ये जगली आणि १९०९च्या सुमारास हा मासा कुलू खोऱ्यात पोचला. आज काश्मीरच्या लिद्दरमध्ये, हिमाचलच्या तीर्थन, सैंज, उहल, पब्बर, बास्पा या नद्यांत तो स्वतःहून वाढतो. महाराष्ट्रातल्या नद्या उन्हाळ्यात त्याला सोसणार नाहीत इतक्या तापतात. इथून जाणाऱ्यांना हिमाचलमध्ये मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा लागतो, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते.

ही बंदी नुसती कागदोपत्री नाही, तिच्यामागे जीवशास्त्र आहे. ब्राउन ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडाला शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. अंडी फुटायला साधारण ४०० ते ४५० अंश-दिवस लागतात. म्हणजे पाणी १० अंश सेल्सिअस असेल तर चाळीस-पंचेचाळीस दिवस, आणि ५ अंश असेल तर ऐंशी ते नव्वद दिवस. डिसेंबरात थंड पाण्यात घातलेली अंडी मार्चच्या सुरुवातीलाही फुटत असू शकतात, आणि पिल्लं पोटाखालची बलकाची पिशवी संपेपर्यंत आणखी काही आठवडे खडीतच दबून राहतात. मार्चमध्ये मासेमारी कायदेशीर असली तरी उथळ, स्वच्छ, आजूबाजूपेक्षा फिकट दिसणाऱ्या खडीच्या पट्ट्यांवरून चालू नये. एका पावलाखाली अख्खी वीण चिरडते. काठावरूनच फेका.

हंगाम ओळखायला कॅलेंडरपेक्षा साधा थर्मामीटर जास्त कामाचा. वाहत्या पाण्यात, सावलीच्या जागी, साधारण ३० सेंटिमीटर खोल एक मिनिट धरायचा. पाणी ६ अंशांच्या खाली असेल तर मासा तळाशी जवळजवळ स्थिर असतो. फ्लाय अगदी तोंडाशी आली तरच घेतो. १० ते १६ अंश हा खाण्याचा काळ. १९च्या वर गेलं तर मासेमारी थांबवायची. याचं कारण प्राणवायू. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशांना ९.१. दीड हजार मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने दोन्ही आकडे आणखी साधारण सहाव्या हिश्शाने घटतात. गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा आटतो. अशा वेळी झुंजवलेला मासा सोडून दिला, तो पोहत गेला, तरी नंतर मरू शकतो.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी सकाळी फार गार असतं, त्यामुळे दहा-अकराच्या आधी घाई करण्यात अर्थ नाही. ऊन पाण्यावर आलं की कीटक हलू लागतात. मे-जूनमध्ये गणित बदलतं: दिवसभर वितळलेलं बर्फ दुपारनंतर खाली पोचतं, पाणी चढतं, गढूळ होतं, म्हणून सकाळ साधायची. जुलै-ऑगस्ट सोडून द्या. पावसाळ्यात हिमालयातली नदी अर्ध्या तासात पात्र भरते आणि मातकट पाण्यात माशाला फ्लाय दिसतही नाही. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर हा सर्वांत चांगला काळ: पाणी नितळ, पातळी कमी, मासा विणीआधी भरपूर खाणारा. पण नितळ पाण्यात त्यालाही तुम्ही दिसता. धरणांच्या खालच्या पात्रात कोणत्याही ऋतूत उतरू नये. जून २०१४मध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात बियास नदीत विद्यार्थी वाहून गेले, तो पावसाचा पूर नव्हता.

मासा वर कसा बघतो हे कळलं की निम्म्या चुका टळतात. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे बाहेरचं सगळं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसतं. त्याचा कोन सुमारे ९७ अंश आणि पृष्ठभागावरचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. अर्धा मीटर खोल मासा म्हणजे साधारण १.१ मीटरचा झरोका. फ्लाय त्याच्या आत किंवा प्रवाहाच्या किंचित वरच्या अंगाला पडायला हवी. बाहेरच्या वस्तू झरोक्याच्या कडेला दबून, पुसट दिसतात, आणि पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या खाली असलेल्या गोष्टी जवळजवळ नाहीशाच होतात. १.७ मीटर उंचीचा माणूस पाण्याच्या पातळीवर उभा असेल तर या मर्यादेत राहायला त्याला जवळपास १० मीटर लांब थांबावं लागतं. गुडघ्यावर बसून उंची १.१ मीटर केली की ६ मीटरपर्यंत जाता येतं. लांब फेकायला शिकण्यापेक्षा गुडघ्यावर बसायला शिकणं सोपं आहे आणि जास्त मासे देतं. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचं.

फ्लाय कोणती, हे दुकानातल्या डबीत बघण्याआधी नदीतला एक दगड उलटून बघा. खालच्या बाजूला चपटी, दोन-तीन शेपट्यांची, तपकिरी पिल्लं दिसतील ती मेफ्लाय या कीटकाची. वाळूच्या कणांच्या नळीत राहणाऱ्या अळ्या कॅडिस या दुसऱ्या कीटकाच्या. दगड बघून झाला की तसाच परत ठेवायचा. ट्राउटचं बहुतेक खाणं पृष्ठभागाखालीच होतं, तेव्हा एकच फ्लाय शिकायची असेल तर फेझंट टेल निम्फ शिकावी. निम्फ म्हणजे कीटकाचं पाण्यातलं पिल्लू, आणि त्याची नक्कल करणारी फ्लायही. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ती बसवली. त्यांच्या मूळ कृतीत दोरा नाहीच. तांब्याची तार दोन्ही कामं करते, बांधते आणि वजनही देते.

साहित्य थोडं आहे: १४ नंबरचा गळ, ०.१ ते ०.१५ मिलिमीटरची तांब्याची तार, फेझंट या कोंबडीवर्गीय पक्ष्याच्या नराच्या शेपटीच्या पिसातले चार तंतू. तार जुन्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून मिळते. आधी पकडीने गळाचा काटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा दात, दाबून टाका आणि गळ छोट्या व्हाइसमध्ये (शिकंजात) धरा. तार लगतच्या वेढ्यांनी गळाच्या डोळ्यापासून (दोरा ओवायच्या भोकापासून) मागे वळणापर्यंत न्या, मग पुढच्या तिसऱ्या भागात आठ-दहा वेढे एकावर एक देऊन छातीचा उंचवटा करा आणि तार पुन्हा मागे आणा. तंतूंची टोकं ३ ते ४ मिलिमीटर मागे राहतील अशी बांधा, ती शेपटी झाली. आता तंतू तारेभोवती पिळून दोन्ही एकत्र डोळ्यापर्यंत गुंडाळत न्या. तिथे तंतू आणि तार वेगळे करा. तंतू उंचवट्यावरून मागे दुमडून तारेने बांधा, तार पुढे आणा, तंतू पुन्हा पुढे दुमडून बांधा. दोन-तीन अर्धगाठींनी तार संपवा.

बिघडतं ते बहुतेक डोळ्यापाशी. सुरुवात करताना डोळ्याच्या मागे एका डोळ्याएवढी जागा मोकळी ठेवली नाही तर शेवटी तार डोळ्यात शिरते आणि टिपेट ओवता येत नाही. दुसरी चूक म्हणजे तंतू तारेशिवाय गुंडाळणं. ट्राउटच्या तोंडात बारीक दात असतात, दुसऱ्या माशाला फ्लाय उसवते. तिसरी, जाडजूड करणं. खरी निम्फ सडपातळ असते, आणि सडपातळ फ्लाय बुडतेही लवकर. हिमालयातल्या वेगवान पाण्यात तांबं कमी पडलं तर गळावर आधीच २.५ मिलिमीटरचा टंगस्टनचा मणी ओवा. टंगस्टनची घनता पितळेच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे आकार न वाढवता फ्लाय तळाशी जाते.

पिसांबाबत एक गोष्ट स्पष्ट हवी. सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची पिसं एकेकाळी ब्रिटनमध्ये सॅल्मनच्या फ्लायसाठी मोठ्या मागणीत होती आणि त्यापायी हा पक्षी मारला गेला. आज तो कायद्याने संरक्षित आहे. हिमालयातले मोनाल आणि जुजुराणा हे पक्षीही तसेच. जंगलात पडलेलं पीसही उचलू नका. पाळीव फेझंटची पिसं विकत मिळतात, आणि तीही नसली तर पाळीव टर्कीच्या शेपटीचे तपकिरी तंतू चालतात. तरंगणाऱ्या फ्लायसाठी पाळीव बदकाच्या शेपटीवरच्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसं उत्तम. त्यांच्या बारीक तंतूंत हवा अडकते. त्यांना तरंगण्यासाठीचं जेल मात्र लावू नये, तंतू चिकटतात आणि हवा जाते.

आता गाठी. गाठ धरते ती घर्षणामुळे. बंदरात बोटीचा दोर खुंट्याला गुंडाळला की एक माणूस अख्खी बोट धरतो, कारण प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२ धरला तर एका वेढ्याने ताण साडेतीन पट तोलला जातो, पाच वेढ्यांनी पाचशे पटीहून जास्त. गाठीत दोरा स्वतःभोवतीच फिरत असल्याने हिशेब इतका सरळ नसतो, पण बारीक टिपेटला तीनऐवजी पाच वेढे का लागतात हे त्यातून समजतं.

फ्लाय बांधायला सुधारित क्लिंच गाठ. टिपेट डोळ्यातून १२-१५ सेंटिमीटर बाहेर काढा. मोकळं टोक मुख्य दोऱ्याभोवती पाच वेळा फिरवा. जाडी ०.२५ मिलिमीटरच्या वर असेल तर चार पुरेत. टोक डोळ्यालगतच्या पहिल्या लहान फाशातून ओवा, त्यामुळे जो मोठा फासा तयार होतो त्यातूनही ओवा. मग तोंडात धरून ओली करा. मुख्य दोरा सावकाश, एकाच दमात ओढा. वेढे एकमेकांना लागून, स्प्रिंगसारखे बसले पाहिजेत. एखादा वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर कापून पुन्हा बांधा. टोक १ मिलिमीटर ठेवून कापा.

ओली करण्याचा आग्रह उगाच नाही. कोरडं नायलॉन झटक्यात आवळलं की घासून पृष्ठभाग तापतो आणि खराब होतो, शिवाय वेढे अडखळतात आणि सगळा भार एकाच वेढ्यावर येतो. गाठ तुटते तीही बहुधा दोरा जिथे आत शिरतो तिथेच. वळणावर दोऱ्याची बाहेरची बाजू जास्त ताणलेली असते.

लीडरला टिपेट जोडायला सर्जन गाठ. दोन्ही टोकं एकमेकांवर १५ सेंटिमीटर ठेवून एकत्रित फास करा, आणि लीडरचं मोकळं टोक व पूर्ण टिपेट मिळून त्या फासातून तीनदा काढा. ओली करून चारही टोकं सारखी ओढा. दोन दोऱ्यांच्या जाडीत फरक असला तरी ही गाठ धरते. ब्लड गाठ जास्त सरळ आणि देखणी असते, पण जाडीतला फरक ०.०५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तिचा भरवसा नाही. लाइन आणि लीडरचा सांधा बहुतेक तयार लाइनींना फासा असल्यामुळे फासा-फाशात होतो. फासा नसेल तर नेल गाठ.

टिपेटची जाडी ठरवायला सोपं सूत्र आहे. टिपेटवर जाडी एक्सच्या आकड्यात लिहिलेली असते. ११ मधून तो आकडा वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात जाडी सांगतं. म्हणजे ५ एक्स ०.१५ मिलिमीटर, ४ एक्स ०.१८. १४ नंबरच्या गळाला दोन्ही चालतात. हंगामाच्या सुरुवातीला, गढूळसर पाण्यात ४, ऑक्टोबरच्या नितळ पाण्यात ५. फ्लुओरोकार्बनची घनता १.७८, नायलॉनची १.१४. म्हणून बुडणाऱ्या निम्फला फ्लुओरोकार्बनचा टिपेट, तरंगत्या फ्लायला नायलॉनचा. फ्लुओरोकार्बन कडक असतो, गाठ आणखी सावकाश आवळावी लागते.

मासा सुटला तर टिपेटचं टोक तपासा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली: वेढे कमी किंवा नीट आवळली नव्हती. खरखरीत असेल तर खडकाला घासलं. आणि मध्येच एखादी बारीक साधी गाठ सापडली तर ती फेकताना पडलेली. पुढे काठी झटक्याने आणली की लाइनचा फासा स्वतःला ओलांडतो आणि ही गाठ पडते. ती टिपेटची ताकद जवळपास निम्मी करते. सोडवत बसू नका, कापून नवा तुकडा जोडा. दर पंधरा-वीस मिनिटांनी टिपेटवरून बोटं फिरवायची सवय लावा.

मासा हाती आला तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. काटा दाबलेला गळ चिमट्याने उलट फिरवला की सुटतो. मासा पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि स्वतःहून जोर करेपर्यंत सोडू नका. गळ घशात गेला असेल तर उपटू नका, टिपेट तोंडापाशी कापा.