पार्श्वभूमी : ठाणे खाडीकाठचे नकाशे आणि पाण्याच्या वाटा

खारफुटीची लागवड असो, पारसिक डोंगराच्या उतारावरचे चर असोत किंवा नवी मुंबईतील धारण तलावातला (भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावातला) गाळ काढणे असो, ठाणे खाडीच्या काठावर असे कोणतेही काम निघाले की पहिली बैठक आता संगणकाच्या पडद्यासमोर होते. उपग्रहाची प्रतिमा खाली, तिच्यावर सर्व्हे नंबरांच्या रेषा, त्यांवर उंचीच्या समरेषा आणि भरतीरेषा असे थर चढवले जातात. पाहणाऱ्याला हे सगळे एकाच वेळी, एकाच हाताने काढलेले वाटते. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक थर वेगळ्या काळी, वेगळ्या खात्याने आणि वेगळ्या हेतूने तयार केलेला आहे, आणि पाणी वाचवणे हा हेतू त्यांपैकी फारच थोड्या थरांमागे होता.

सर्वांत जुना थर महसुलाचा. मुंबई इलाख्यात १८३५ नंतर विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी बसवलेल्या मोजणी पद्धतीत ३३ फुटांची साखळी वापरली जाई. आपला गुंठा तिथूनच आला : साखळीभर लांब, साखळीभर रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आजच्या गाव नकाशाचा सांगाडा या मोजणीचा आहे. सारा म्हणजे जमीन महसूल ठरवण्यासाठी केलेली ती मोजणी असल्याने पिकाऊ जमीन काळजीपूर्वक मोजली गेली, आणि ओढा, दलदल, खडक हे सारे ‘पोटखराब’ या एका शब्दात बसवले गेले. पाण्याची वाट म्हणजे सारा न देणारी जागा, ही समजूत सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आजही छापून येते. पाणथळ जागा वाचवण्याची भाषा करणाऱ्यांची पहिली अडचण हीच आहे की त्या जागेचे सरकारी नावच ‘खराब’ आहे.

खाडीकाठच्या आगरी आणि कोळी गावांना मात्र त्या जागेचा उपयोग नेमका ठाऊक होता. खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला, मातीचा बांध घालून भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे, बांधात लाकडी फळ्यांची उघाडी बसवायची, ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिच्यातून सोडायचे आणि भरती चढू लागली की ती बंद करायची. उत्तर कोकणात असा बांध घालून जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना त्या जमिनीत विशेष हक्क मिळत. त्या पद्धतीला शिलोत्री म्हणत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या खारभूमी कायद्याने या बांधांची जबाबदारी बऱ्याच अंशी सरकारकडे आली, आणि उघाडीच्या फळ्या कोणी, कधी बदलायच्या हे गावात ठरण्याचे दिवस हळूहळू संपले.

१७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी शहर विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे नवे शहर आखले गेले. शहराचा मोठा भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीलाच, काही ठिकाणी तिच्याही खाली होता. सरसकट भराव घालण्याऐवजी नियोजनकारांनी डच धर्तीवर धारण तलाव योजले : भरतीच्या वेळी झडपा आपोआप मिटतात, पारसिकवरून आणि शहरातून येणारे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत उतरते. तत्त्व उघाडीचेच. फरक एवढाच की उघाडी कोणीतरी हाताने उचलत असे आणि झडप पाण्याच्या दाबाने उघडते, त्यामुळे ती गाळाने अडकली तर लगेच कोणाच्या लक्षात येत नाही.

पाणलोट विकासाची, म्हणजे पावसाचे पाणी जिथे पडते त्या उतारावरच अडवण्याची, चळवळ या काळात घाटावर वाढत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून बांधबंदिस्ती झाली आणि १९८३ मध्ये राज्याने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला. १९८८ च्या मार्चमध्ये आयआरएस-१ए हा नियमित वापराचा पहिला भारतीय दूरसंवेदन (अंतराळातून जमिनीच्या प्रतिमा टिपणारा) उपग्रह कक्षेत गेला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. त्या उपग्रहाच्या चांगल्या कॅमेऱ्याचाही एक ठिपका जमिनीवर सुमारे ३६ मीटरचा होता. तालुक्यातील पडीक जमीन ओळखायला तो पुरे. खाजणाचा बांध त्यात दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

ठाणेकरांपुढे आणखी एक भिंत होती. समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील भारतीय सर्वेक्षण विभागाचे तपशीलवार स्थलदर्शक नकाशे संरक्षणाच्या कारणाने प्रतिबंधित होते, आणि ठाणे, बेलापूर, पनवेल हे सगळे त्या पट्ट्यात येते. ज्याच्या दारासमोर खाडी, त्यालाच त्या खाडीचा नकाशा पाहता येत नव्हता. ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर गंमत वाटते, पण १९९० च्या दशकात भरावाविरुद्ध तक्रार करायची तर जागा नकाशावर दाखवायची कशी, हा खरोखरचा प्रश्न होता.

ही घडी २००५ साली विस्कटली. त्या एका वर्षात इतके काही घडले की पुढचा सारा इतिहास तिथून मोजावा. मे महिन्यात अडीच मीटरपर्यंतचा तपशील टिपणारा कार्टोसॅट-१ प्रक्षेपित झाला आणि राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी खुली नकाशामालिका जाहीर केली. जूनमध्ये गूगल अर्थ आले. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि बुजवलेले नाले व खाजणे यांची किंमत सर्वांनाच कळली. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम व भरावाला मनाई केली, आणि उपग्रह प्रतिमांच्या आधारे खारफुटीचे नकाशे करायला सांगितले. सरकारी जमिनीवरील खारफुटी संरक्षित वन म्हणून घोषित करण्याचा आधार ते नकाशे ठरले. २०१२ मध्ये वन विभागाचा खारफुटी कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये अभयारण्य व भोवतालचा संवेदनशील पट्टा मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. जिला महसुलाने पोटखराब म्हटले, तिला हेक्टरांत मोजून नाव मिळाले, ही या तंत्राची मोठी कमाई आहे.

तरी आकडे जपून वाचावेत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्यातील खारफुटी २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर आणि २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटर आहे. आठ वर्षांत एवढे जंगल केवळ रोपांनी वाढत नाही. संरक्षण, नैसर्गिक पुनरुज्जीवन आणि अधिक बारकाईने झालेली मोजणी असे सगळे त्यात मिसळलेले आहे.

पाण्याची दिशा काढण्याची संगणकी रीतही समजून घेण्यासारखी आहे. जमिनीच्या उंचीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाच्या आठ शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे उतार सर्वाधिक त्याच्याकडे पाणी वळवायचे, आणि असे चौकोनामागून चौकोन जात ओढे व पाणलोटाच्या हद्दी काढायच्या. २००० साली अमेरिकी अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने टिपलेली उंची यासाठी जगभर वापरली जाते; तिचे चौकोन आधी ९० आणि पुढे ३० मीटरचे मिळू लागले. येऊरच्या किंवा पारसिकच्या उतारावर ही रीत छान चालते. शहापूर आणि मुरबाडमध्ये तर तिचा खरा उपयोग होतो, कारण धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांसाठी कातळातील भेगांच्या व डाइकच्या (कातळात उभ्या घुसलेल्या दगडी भिंतींच्या) रेषा प्रतिमेत शोधून बंधाऱ्याची आणि विहिरीची जागा धरता येते. सपाट खाडीकाठी मात्र ती फसते. तिथे पाण्याची वाट मीटरभर उंचीच्या फरकावर ठरते. रडार झाडाचा शेंडा आणि इमारतीची गच्चीही जमीन म्हणून मोजते. आणि दोन मीटर रुंदीचा बांध ३० मीटरच्या चौकोनात विरघळून जातो. म्हणजे ज्या बांधावर आणि उघाडीवर सगळे पाणी चालत होते, तेच संगणकाच्या नकाशात नसतात.

दुसरी गळती आकाराची. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा केवळ ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिले, त्या या मर्यादेहून मोठ्या होत्या. त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी मिठागरे आणि भातशेती पाणथळीच्या व्याख्येबाहेर ठेवली. खाडीकाठच्या गावांची जुनी जमीन म्हणजे मुख्यत्वे मिठागरे आणि भाताची खाचरे, शिवाय गावागावांतली लहान तळी.

फेब्रुवारी २०२१ मधील केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरची बरीचशी बंधने उठवली, आणि भूकरमापकाच्या हाती साखळीऐवजी उपग्रहाशी जोडलेला रोव्हर, म्हणजे जागेचे स्थान मोजणारे यंत्र, आला. जुना गाव नकाशा उपग्रह प्रतिमेवर बसवायचा तर आजही आधी तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड शोधावा लागतो, आणि नवी मुंबईत तो बहुधा रस्त्याखाली किंवा सोसायटीच्या कुंपणात गेलेला असतो. मग देवळाचा कोपरा, विहिरीचा काठ अशा खुणांवर कागद ताणून बसवतात. तो बसला की सेक्टरच्या रस्त्यांखालून जुन्या ओढ्याची रेष आरपार जाताना दिसते, आणि दर पावसाळ्यात पाणी तुंबणारा चौक अनेकदा तिच्यावरच निघतो.

धारण तलावांच्या बाबतीत मात्र थर एकमेकांवर बसवूनही प्रश्न सुटलेला नाही. भरतीबरोबर आलेल्या गाळात काही तलावांत खारफुटी उगवली. शहराच्या आराखड्यात ती जागा पावसाचे पाणी साठवण्याची, उपग्रहाच्या थरात ती खारफुटी, आणि न्यायालयाच्या आदेशाने तिच्याभोवतीचे ५० मीटरही राखीव. गाळ काढावा तर झाडे जातात आणि न काढावा तर उधाणाच्या दिवशी मोठा पाऊस आल्यावर पाणी वस्तीत शिरते, म्हणून तिथला गाळ उपसण्याचा प्रस्ताव न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुढे सरकत नाही.