फ्लूची लस: द्यायची का, कधी द्यायची, आणि दुसऱ्या डोसचं काय

एप्रिल लागला की आमच्या मुलांच्या दवाखान्याच्या फोनवर दिवसभर एकच चौकशी सुरू असते, बाळाला फ्लूची लस देऊ का, सगळे देतात का, सरकारी कार्डावर तर ती नाहीच मग गरज काय. प्रत्येकाला फोनवर नीट सांगत बसलो तर ओपीडी खोळंबते आणि घाईत सांगितलं तर अर्धवट पोचतं, म्हणून एकदा लिहूनच ठेवतोय. घरात आजी-आजोबांनाही वाचून दाखवा, कारण बऱ्याच घरांत "आमच्या वेळी कुठे होत्या असल्या लसी" इथेच विषय संपतो.

सरळ उत्तर आधी. सहा महिने ते पाच वर्षं या वयाच्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे आयएपीचं वेळापत्रक सांगतं आणि आमचंही तेच म्हणणं आहे. पाचच्या पुढे दमा, हृदयाचा आजार, किडनीचा त्रास, डायबिटीस असं काही असेल तर बंद करू नका, बाकीच्यांचं बोलून ठरवू. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला आईने गरोदरपणात घेतलेल्या लसीचा उपयोग होतो, आणि घरातल्या मोठ्यांनी घेतली तर त्याच्यापर्यंत फ्लू पोचायची शक्यता कमी होते.

सरकारी यादीत नाही म्हणजे बिनकामाची आहे असं नाही. सरकारला देशभरातल्या बाळांचा हिशोब करून पैसा आधी कुठे घालायचा ते ठरवावं लागतं. आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये गरोदर बायकांना आणि इतर जोखमीच्या लोकांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती, तेव्हा महत्त्व त्यांनाही माहीत आहे. खर्चाचं म्हणाल तर एका डोसला ब्रँडप्रमाणे साधारण दीड ते दोन हजार लागतात आणि पहिल्या वर्षी दोन डोस, रक्कम थोडी नाही हे मान्य. ज्यांना सगळंच प्रायव्हेटमध्ये झेपत नाही त्यांना आम्ही स्वतःहून सांगतो की रोटा (जुलाबाची) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाची) या लसी आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या तिथे घ्या, आणि वाचलेले पैसे फ्लूसाठी ठेवा.

"स्वाईन फ्लूची वेगळी लस आहे का" हेही रोज विचारतात. पुण्यात २००९ चा ऑगस्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना तो आजार सांगायला नको, देशातला पहिला मृत्यू इथलाच, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी, मग नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, तोंडाला रुमाल, शाळा बंद. तो एच१एन१, म्हणजे स्वाईन फ्लूचा व्हायरस, कुठे गेला नाही, नेहमीच्या फ्लूमध्येच मिसळला आणि दरवर्षीच्या लसीत त्याचा भाग असतोच. वेगळी लस शोधू नका.

लसीकडून अपेक्षा मात्र बरोबर ठेवा. ही साध्या सर्दीची लस नाही. नाक वाहणं, शिंका, दोन दिवस कणकण यामागे दुसरे पुष्कळ व्हायरस असतात आणि त्यांच्यावर ही चालत नाही, त्यामुळे "लस देऊनही सर्दी झालीच" ही तक्रार लसीवर अन्याय करणारी आहे. फ्लू म्हणजे एकदम १०२-१०३ ताप, अंग मोडून येणं, कोरडा खोकला, मूल खेळणं सोडून आईच्या खांद्यावर पडून राहतं. लस त्या वर्षीच्या व्हायरसशी नीट जुळली तर फ्लू व्हायची शक्यता साधारण ४० ते ६० टक्के कमी होते, शंभर टक्के नाही. पण झाला तरी न्यूमोनियापर्यंत जाऊन ॲडमिट करायची वेळ येण्याचं प्रमाण कमी होतं, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलांत सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. आमच्या मते लस द्यायला एवढं एक कारण पुरे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. दुसरा डोस.

नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देताना दोन डोस लागतात, मध्ये कमीत कमी चार आठवडे. मोठ्या माणसाच्या शरीराने फ्लू आधी कधीतरी पाहिलेला असतो म्हणून त्याला एक पुरतो, लहान मुलाच्या शरीराला पहिल्या डोसने फक्त ओळख होते आणि खरी ताकद दुसऱ्यानंतर येते, तीही यायला साधारण दोन आठवडे लागतात. होतं काय की लोक परीक्षा-बिरीक्षा आटपून एप्रिलच्या शेवटी पहिला डोस घेतात, मग मूल मामाच्या गावाला जातं, जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली की परत येतं, रेनकोट-वह्यांच्या गडबडीत डोस राहतो, आणि जुलैत तेच मूल तापाने फणफणलेलं घेऊन येतात की डॉक्टर आपण तर लस दिली होती. अर्धीच दिली होती हो. आणि अंगात एवढा ताप असताना दुसरा डोस देता येत नाही, तो अजून पुढे जातो.

पुढच्या वर्षी आणखी घोळ. "मागच्या वर्षी घेतलेली" एवढंच आठवतं, एक की दोन ते आठवत नाही, कार्ड सापडत नाही, मग आमची रिसेप्शनवरची ताई गर्दीच्या वेळी जुनी रजिस्टरं काढून बसते आणि मागे दहा आया बाळं घेऊन ताटकळतात. एकच झाला असेल तर आम्ही त्या वर्षी परत दोन देतो. दोन्ही झाले असतील तर मात्र पुढे दरवर्षी एकच.

तेव्हा पहिला डोस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घ्या म्हणजे दुसरा मे लागता लागता होतो आणि पावसाआधी मूल तयार असतं. गावाला लवकर जाणार असाल तर कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे दुसरा घ्या, ब्रँड वेगळा असला तरी चालतो, त्यासाठी आमच्याकडेच यायला पाहिजे असं काही नाही. त्याच वर्षात उशीर झाला असेल तरी पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला दुसरा तेवढा घेऊन टाका. डोस दिला की सिरिंजवरचं छोटं स्टिकर आम्ही कार्डावर चिकटवतो, त्यावर बॅच नंबर असतो, घरी जायच्या आधी तिथेच उभं राहून मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढा. दुसऱ्या डोसची तारीख आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो मेसेज आला की लगेच नाव नोंदवा, कारण मे-जूनमध्ये स्टॉक पटकन संपतो आणि नोंद असलेल्यांचा डोस आम्ही बाजूला काढून ठेवतो.

बॉक्सवरच्या वर्षावरूनही शंका येतात. नुसतं एक साल छापलेलं असेल तर ती दक्षिण गोलार्धाची लस, जोडसाल (लागोपाठची दोन सालं) असेल तर उत्तरेची. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि त्याआधी बाजारात येणारी ताजी लस दक्षिणेची असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही तीच मागवतो. व्हायरस रूप बदलत राहतो, लसही त्याप्रमाणे बदलते, दरवर्षी घ्यावी लागते ती यासाठीच.

मेडिकलमधून स्वस्तात आणलेली लस आम्ही टोचत नाही, यावरून काहीजण रागावतात. लस दोन ते आठ डिग्रीत राहायला लागते, गोठली तरी वाया जाते, आणि पिशवीत बर्फाच्या खड्यांना चिकटून आलेली सिरिंज चांगली की वाया गेलेली हे बघून कळत नाही. आमच्या फ्रिजचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ लिहिलं जातं, तो तक्ता फ्रिजच्या दारावरच आहे, बघायला मागा, दाखवू. टोचल्यावर अर्धा तास थांबवतो तेही बाळाला रिॲक्शन आली तर आम्ही समोर असावं म्हणून, बिल उशिरा होतं म्हणून नाही.

साधी सर्दी असेल तर लस देता येते, चांगला ताप असेल तर थांबतो. अंड्याची ॲलर्जी असली तरी आता ही लस चालते, फक्त आधी सांगा. याच लसीची पूर्वी जोरात रिॲक्शन आली असेल तर मात्र द्यायची नाही. लसीतला व्हायरस मेलेला असतो त्यामुळे लसीने फ्लू होत नाही, एक-दोन दिवस जागा दुखते, थोडा ताप येतो, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे लिहून देतो. ॲस्पिरिन मुलांना कधीच नको. आणि लस झालेली असो वा नसो, मूल धापा टाकायला लागलं, छाती आत ओढली जायला लागली, दूध-पाणी बंद झालं किंवा ओठ निळसर दिसले तर फोन करत बसू नका, सरळ घेऊन या, रात्र असेल तर जवळचं हॉस्पिटल गाठा.

लसीसाठी वेगळी वेळ ठेवलीय, सकाळी ओपीडीच्या आधीचा एक तास, म्हणजे निरोगी बाळाला आजारी मुलांत बसायला लागत नाही. येताना कार्ड आणा, बाळाला पोट भरून आणा आणि मांडी उघडी करता येईल असे कपडे घाला, लहान बाळांना सुई मांडीवर देतो.