अल्जिनेट की कायटोसान: जखमेवरच्या दोन ‘सागरी’ पट्ट्या

सदाशिव पेठेतील औषधांच्या घाऊक बाजारात किंवा ससून रुग्णालयाच्या परिसरातील सर्जिकल दुकानात जखमेसाठी ‘नैसर्गिक’ ड्रेसिंग मागितले, तर दिसायला बरीचशी सारखी, पांढरट आणि मऊ अशी दोन ड्रेसिंग पुढ्यात येऊ शकतात. त्यांतले एक अल्जिनेटचे असते, तर दुसरे कायटोसानचे. दोन्हींचा कच्चा माल बहुधा समुद्रातून येतो, दोन्ही शर्करेच्या लांबलचक साखळ्यांची बनलेली असतात आणि रक्तस्रावाच्या संदर्भात दोन्हींचे नाव घेतले जाते. त्यामुळे घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाची जखम सांभाळणाऱ्याने दोन्ही एकच समजली, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र त्यांचे रसायन एकमेकांच्या उलट आहे आणि कोणते ड्रेसिंग कोणत्या जखमेवर चालेल, हे बरेचसे त्या उलटेपणावरच ठरते.

अल्जिनेट हे तपकिरी समुद्रशेवाळाच्या पेशीभित्तिकेत असते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये ते प्रथम वेगळे काढले. भारतात मन्नारच्या आखातातील सर्गॅसम आणि टर्बिनेरिया ही शेवाळे त्यासाठी वापरली जातात. शेवाळ सोड्याच्या द्रावणात मुरवून सोडियम अल्जिनेट मिळवतात आणि तो दाट द्रव बारीक छिद्रांतून कॅल्शियम क्लोराइडच्या कुंडात सोडला, की तिथल्या तिथे त्याचा धागा होतो. अशा धाग्यांची न विणता दाबून केलेली चादर कापली, की ड्रेसिंग तयार होते.

कायटोसानचा शेवाळाशी काही संबंध नाही. ते कायटिनपासून करतात आणि कायटिन कोळंबी-खेकड्यांच्या कवचात, तसेच बुरशीच्या पेशीभित्तिकेत असते. खरे तर आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते १८११ मध्ये प्रथम सापडले ते अळंब्यांत. कवचातील चुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढायचा, प्रथिने कॉस्टिक सोड्याने काढायची आणि उरलेले कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवायचे, म्हणजे कायटोसान मिळते.

दोन्हींची पूड हाताशी असेल, तर फरक स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरनेही दिसतो. सोडियम अल्जिनेट साध्या पाण्यात हळूहळू विरघळून दाट होते आणि त्यात पुरेसे व्हिनेगर घातले, की त्याच्या गुठळ्या होतात. कायटोसानची पूड साध्या पाण्यात तशीच तळाशी बसून राहते, पण पाण्यात व्हिनेगर घालून ढवळत राहिले, तर काही वेळाने ती विरघळते. अल्जिनेटच्या साखळीवर ऋण भार असतो आणि आम्लात तो नाहीसा होतो; कायटोसानच्या साखळीवर आम्लातच धन भार येतो. दोन्ही द्रावणे एकत्र केली, तर विरुद्ध भार एकमेकांना धरतात आणि न विरघळणारा गोळा तयार होतो. या गुणाचा उपयोग करून दोन्हींची मिश्र ड्रेसिंग करण्यावर बरेच संशोधन झाले आहे.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हा समज आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा, उघड्यावर खपली धरू दिलेल्या जखमेच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने येते. पण ओलसर म्हणजे चिंब नव्हे. ज्या जखमेतून खूप लस (झिरपणारा पातळ द्राव) वाहते, तिच्याभोवतीची चांगली त्वचा भिजून पांढरी पडते आणि मग जखम आणखी पसरते. अल्जिनेट आहे ते अशा वाहत्या जखमेसाठी. ते स्वतःच्या वजनाच्या साधारण १५ ते २० पट लस शोषू शकते, आणि केवळ शोषून थांबत नाही: लसेतील सोडियम धाग्यात शिरते, धाग्यातील कॅल्शियम बाहेर पडते आणि धाग्याची जेली होते. ड्रेसिंगचा एक तुकडा शुद्ध पाण्यात आणि दुसरा सलाइनमध्ये टाकून ठेवला, तर पाण्यातला बराचसा धागेदार राहतो आणि सलाइनमधला फुगून बुळबुळीत होतो. शेवाळाच्या जातीप्रमाणेही यात फरक पडतो. अल्जिनेटची साखळी ग्युल्युरॉनिक आणि मॅन्युरॉनिक आम्ल या दोन घटकांची असते. ग्युल्युरॉनिक आम्ल जास्त असलेल्या अल्जिनेटची जेली घट्ट असते आणि ड्रेसिंग अखंड उचलता येते; मॅन्युरॉनिक आम्ल जास्त असेल, तर ती मऊ होते आणि सलाइनने धुऊन काढावी लागते.

इथे दोन घोटाळे वारंवार होतात. पहिला म्हणजे कोरड्या जखमेवर अल्जिनेट लावणे. लस नसल्यामुळे जेली होत नाही, धागे चिकटतात आणि ड्रेसिंग ओढून काढताना नुकतीच आलेली कोवळी त्वचा निघून येते. तसे चिकटलेच, तर सलाइनने भिजवून सुटू द्यावे. दुसरा घोटाळा उलट दिशेचा आहे. पट्टी सोडल्यावर पिवळसर, थोडा वास असलेली जेली दिसते आणि घरचे लोक तिला पू समजून घाबरतात. आधी जखम धुवावी आणि मग पाहावे. धुतल्यावरही लाली, सूज, वेदना किंवा दुर्गंधी असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

कायटोसानचे खरे बळ रक्तस्रावात आहे. लाल रक्तपेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराच्या कायटोसानला त्या चिकटतात आणि जखमेच्या तोंडावर गच्च थर बसतो. यासाठी शरीराच्या नेहमीच्या रक्त गोठण्याच्या साखळीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये अशा पट्टीला मान्यता दिली आणि पुढे ती युद्धभूमीवरही वापरली गेली. अल्जिनेटमधून सुटणारे कॅल्शियमही रक्त गोठायला मदत करते, पण ती मदत झिरपणाऱ्या रक्तापुरती असते. जोराने वाहणाऱ्या रक्तासाठी त्याच्यावर विसंबू नये.

कायटोसान जंतुनाशक आहे, हा दावा मात्र जपून घ्यावा. प्रयोगशाळेत तो गुण स्पष्ट दिसतो, परंतु तो धन भारावर अवलंबून असतो आणि सामू (पीएच) साधारण ६.५ च्या वर गेला, की तो भार बराचसा ओसरतो. जुनाट, चिघळलेल्या जखमा बहुधा अल्कधर्मी असतात. चांदीयुक्त अल्जिनेटच्या बाबतीतही जंतू मारण्याचे काम चांदी करते, शेवाळ नव्हे.

शाश्वततेच्या बाबतीत दोन्हींची जाहिरात ‘विघटनशील’ या एकाच गुणावर भर देते, आणि माझ्या मते ती दिशाभूल आहे. रुग्णालयातील रक्ता-लसेने भिजलेले ड्रेसिंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जाते आणि बहुधा जाळले जाते. मातीत कुजण्याचा गुण तिथे कामाला येत नाही. पुण्यात सॅनिटरी कचरा लाल खूण करून वेगळा देण्याची जी पद्धत कचरावेचकांमुळे रुळू लागली आहे, तशीच घरी बदललेली ड्रेसिंगही कागदात गुंडाळून वेगळी द्यावीत. शरीराच्या आतली गोष्ट निराळी आहे: आपल्या लायसोझाइम या विकराने (एन्झाइमने) कायटोसान हळूहळू तुटते, पण अल्जिनेट तोडणारे विकर माणसाकडे नाही. पर्यावरणाचा खरा हिशेब कारखान्याच्या दाराशी मांडायला हवा. शेवाळाला जमीन, गोडे पाणी किंवा खत लागत नाही, पण निसर्गातून बेसुमार कापले तर माशांचा आसरा जातो. कायटोसान टाकाऊ कवचापासून होते, ही जमेची बाजू खरीच. मात्र आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचे सांडपाणी नीट हाताळले नाही, तर ती बाजू फार उरत नाही.

शाकाहारी घरांत आणखी एक प्रश्न हमखास निघतो. अल्जिनेट वनस्पतीसारख्या शेवाळाचे असल्याने त्याबद्दल अडचण येत नाही. कवचाचे कायटोसान मात्र प्राणिजन्य असते. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी प्रामुख्याने त्यांच्या मांसातील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे येते आणि नीट शुद्ध केलेल्या कायटोसानमध्ये ते उरू नये, तरीही अशी ॲलर्जी असलेल्या रुग्णाने ती डॉक्टरांना आधीच सांगावी. या दोन्ही अडचणी टाळणारे कायटोसान बुरशीपासून मिळते: सायट्रिक आम्लाच्या उत्पादनात वापरली जाणारी ॲस्परजिलस नायगर ही बुरशी त्यासाठी चालते. वेष्टनावर स्रोत लिहिलेला नसेल, तर मात्र ते कवचाचेच आहे असे धरून चालावे.