ड्रॉइंग एकाचं, हात दुसऱ्याचे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये लेथजवळ, म्हणजे धातू कातायच्या यंत्राजवळ, थोडं थांबा. ड्रॉइंग घेऊन आलेला इंजिनिअर आणि जॉब, म्हणजे घडवायचा भाग, हातात धरलेला टर्नर यांची हमखास जुंपलेली दिसेल. "साहेब, कागदावर बरोबर हाय, पण हितं टूल जात न्हाई." मग ड्रॉइंगवर पेन्सिल फिरते आणि काम मार्गी लागतं. ही हुज्जत मला फार मोलाची वाटते, कारण ती तुटली की काय होतं हे संगणकाच्या इतिहासात लख्ख दिसतं.

लंडनच्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाला गणिती कोष्टकं बिनचूक तयार करणारं 'डिफरन्स इंजिन' बनवायचं होतं. १८२३ पासून सरकारी पैसा मिळू लागला. सुटे भाग सुमारे २५ हजार! ते घडवायला जोसेफ क्लेमंटसारखा कसबी कारागीर मिळाला. १८३२ मध्ये यंत्राचा एक छोटा भाग जोडून झाला आणि तो उत्तम चालला. पण पैशांवरून आणि वर्कशॉप हलवण्यावरून दोघांचं बिनसलं. १८३३ मध्ये काम थांबलं ते थांबलंच. हत्यारं कारागिराची, या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ती क्लेमंटकडेच राहिली. सरकारचे सुमारे १७ हजार पौंड खर्ची पडले होते.

बॅबेजचं डोकं चुकलं नव्हतं. त्याच्या पुढच्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमनं १९९१ मध्ये यंत्र उभारलं आणि त्यानं अचूक गणितं केली. क्लेमंटच्या त्याच वर्कशॉपमध्ये जोसेफ व्हिटवर्थही काम करत असे. 'व्हिटवर्थ आटे' आपल्या जुन्या टर्नरना ठाऊक आहेत, ते याच माणसाचे.

शंभरेक वर्षांनी फिलाडेल्फियात भौतिकशास्त्रज्ञ जॉन मॉचली आणि तरुण इंजिनिअर प्रेस्पर एकर्ट यांची जोडी जमली, टिकली. त्यांच्या 'एनिअॅक' या इलेक्ट्रॉनिक संगणकात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, होत्या. त्याला गणित शिकवायचं म्हणजे केबल जोडायच्या, स्विच फिरवायचे. हे काम सहा तरुणींकडे आलं. हाताशी पुस्तक नव्हतं; जोडणीचे नकाशे वाचून आणि इंजिनिअरांना प्रश्न विचारून त्यांनी यंत्र असं आत्मसात केलं की बिघाड नेमका कुठे आहे हे त्या शोधून देत. १९४६ च्या फेब्रुवारीत एनिअॅक जगाला दाखवलं, तेव्हा प्रात्यक्षिकाचा प्रोग्रॅम बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांनी बसवला होता. त्या रात्रीच्या मेजवानीला मात्र या सहाजणींना कुणी बोलावलं नाही, आणि त्यांचा जाहीर गौरव व्हायला पुढं पन्नासेक वर्षं गेली.