लिथुआनियन विस्थापन (युद्धोत्तर)

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत लिथुआनियातील माणसे दोन विरुद्ध दिशांना पांगली. १९४४ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत लाल सेना परत येते आहे हे कळताच साठ-सत्तर हजार लोक घोडागाड्या जुंपून पश्चिमेला, जर्मनीकडे निघाले. मागे राहिलेल्यांपैकी लाखाहून अधिक जणांना १९४५ ते १९५३ या काळात मालगाड्यांत भरून सायबेरियात नेले गेले. सुरुवातीला दोन्ही गट स्वतःला ‘त्रेम्तिनियाई’ म्हणजे हद्दपार झालेलेच म्हणवत. हा शब्द पुढे सायबेरियावाल्यांकडे राहिला आणि पश्चिमेकडचे ‘इशेइविया’, म्हणजे परदेशस्थ समाज, झाले. या दोन्हींना एकाच ‘डायस्पोरा’त, म्हणजे मायदेशाबाहेर पांगलेल्या समाजात, घालणे सोयीचे असले, तरी त्यांच्या नातवंडांची स्थिती त्यातून कळत नाही.

पश्चिमेकडे गेलेल्यांना ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ या दर्जामुळे डीपी म्हणत. लिथुआनियन बोलीत त्याचे ‘दिपुकाई’ झाले. त्याच आद्याक्षरांवरून ‘दिएवो पाउक्श्तेलियाई’, म्हणजे देवाची पाखरे, असेही ते स्वतःला थट्टेने म्हणवत. हानाउ, आउग्सबुर्ग, केम्प्टेन अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. त्यांची व्यवस्था १९४७ पर्यंत ‘अन्रा’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे आणि पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे होती. १९४० चे सोव्हिएत विलीनीकरण अमेरिकेने मान्य केले नव्हते. म्हणून बाल्टिक लोकांवर परत जाण्यासाठी दबाव आला, तरी सोव्हिएत नागरिकांसारखी त्यांची सरसकट सक्तीने रवानगी झाली नाही.

छावणीत प्रत्येकाचे नोंदपत्र भरले जाई. नाव, जन्मस्थळ, धर्म आणि व्यवसाय यांखेरीज कोणत्या भाषा किती सफाईने येतात, जवळ कोणत्या चलनातले किती पैसे आहेत आणि कुठे जायची इच्छा आहे, असे रकाने त्यावर असत. ही पत्रे आज जर्मनीतल्या बाड आरोल्सेन येथील अभिलेखागारात आहेत आणि वंशजांचा शोध बहुधा तिथूनच सुरू होतो. एक सावधगिरी मात्र हवी. भरणारा कारकून नाव कानाला जसे ऐकू येईल तसे लिहून घेई, त्यामुळे एकाच माणसाची दोन-तीन वेगवेगळी स्पेलिंगे सापडतात.

१९४७ पासून पांगापांग झाली. ऑस्ट्रेलियाने दोन वर्षांच्या मजुरी कराराच्या अटीवर माणसे घेतली; त्यांचे पहिले जहाज नोव्हेंबर १९४७ मध्ये फ्रीमँटलला लागले. ब्रिटनने रुग्णालये आणि कापडगिरण्यांसाठी कामगार नेले. अमेरिकेच्या १९४८ च्या कायद्याला कामाची आणि राहण्याची हमी देणारा जामीन लागे. त्या वाटेने सुमारे तीस हजार लिथुआनियन गेले आणि शिकागो त्यांचे मुख्य ठाणे बनले. पुढे दोनदा लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले वाल्दास अदाम्कुस याच लाटेतले. छावण्यांच्या चाळणीतून नाझींचे साथीदारही निसटले होते. आजची राजधानी असलेल्या व्हिल्नियसमधील सुरक्षा पोलिसांचे युद्धकालीन प्रमुख अलेक्सांद्रास लिलेइकिस यांचे अमेरिकी नागरिकत्व १९९६ मध्ये काढून घेतले गेले. हा विषय समाजात अजूनही टाळला जातो.

पूर्वेकडच्या हद्दपारीची पद्धत जून १९४१ मध्येच ठरली होती. तेव्हा सुमारे सतरा हजार लोक नेले गेले. कागदावर प्रत्येक कुटुंबाला शंभर किलो सामानाची मुभा होती; प्रत्यक्षात मध्यरात्री दार ठोठावून बांधाबांधीला अनेकांना तासभरही दिला जात नसे. पुरुषांना स्थानकावरच वेगळे करून श्रमछावण्यांत धाडत. बायकामुले दक्षिण सायबेरियातल्या आल्ताईला आणि त्यांतली काही १९४२ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या लापतेव समुद्राच्या काठी मासेमारीला. युद्धानंतर हेच यंत्र मोठ्या प्रमाणावर चालले. मे १९४८ च्या एकाच मोहिमेत सुमारे चाळीस हजार आणि मार्च १९४९ मध्ये तीस हजारांहून अधिक लोक उचलले गेले. सोव्हिएत सत्तेशी लढणाऱ्या जंगलातल्या बंडखोरांचा आधार तोडणे आणि शेतकऱ्यांना सामूहिक शेतीत ढकलणे, हे त्यामागचे हेतू होते. १९४० साली पूर्व पोलंडमधूनही माणसे अशीच नेली होती. त्यांतून वाचलेली सुमारे पाच हजार माणसे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली.

नोव्हेंबर १९४८ च्या हुकुमाने लिथुआनियनांची सायबेरियातली वसाहत ‘कायमची’ ठरली आणि पळून जाण्याला वीस वर्षे सक्तमजुरी ठेवली गेली. स्टालिनच्या मृत्यूनंतर, विशेषतः १९५६ पासून, सुटका सुरू झाली. पण परतलेल्यांना घर मिळाले नाही आणि राहण्याची नोंद करून घेतली जात नसे. नोंद नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून नोंद नाही. त्यामुळे बरेच जण शेजारच्या, रशियाकडच्या कालिनिनग्राद भागात किंवा लाटव्हियात जाऊन राहिले.

दोन्हीकडच्या मुलांना मिळालेला वारसा यामुळेच निराळा. पश्चिमेत घरातला विषय एकच असे: देश. शनिवारची शाळा, स्काउट, लोकनृत्य, आणि ‘सून लिथुआनियनच हवी’ हा आग्रह. जून १९४९ च्या ‘लिथुआनियन सनदे’ने भाषा टिकवणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच ठरवले. पण शिकवलेला देश १९३९ सालचा होता. १९९० नंतर भेटीला गेलेल्या नातवंडांची भाषा व्हिल्नियसच्या रस्त्यावर आजीच्या काळची वाटे. पूर्वेकडे उलट, गप्प राहणे हाच संस्कार होता. मुले सायबेरियाबद्दल शाळेत बोलत नसत आणि अर्जातल्या जन्मस्थळाच्या रकान्याचीच भीती वाटे. किशोरवयात सायबेरियात नेल्या गेलेल्या दालिया ग्रिंकेविच्यूते यांनी आपल्या आठवणी लिहून काचेच्या बरणीत घालून लिथुआनियातल्या कौनास शहरातील बागेत पुरल्या. त्या १९९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी सापडल्या. व्हिल्नियस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ दानुते गाइलियेने यांनी या दडपणाच्या दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास केला आहे. १९९० च्या दशकातील आत्महत्यांच्या मोठ्या प्रमाणाशी त्याचा संबंध जोडला जातो, पण सगळे खापर या एकाच कारणावर फोडता येत नाही.

आज वंशजांपुढचा व्यावहारिक प्रश्न नागरिकत्वाचा आहे. १५ जून १९४० पूर्वीच्या, म्हणजे सोव्हिएत ताब्याआधीच्या, लिथुआनियन नागरिकाची मुले, नातवंडे आणि पतवंडे नागरिकत्व परत मिळवू शकतात. पूर्वज ११ मार्च १९९० पूर्वी, म्हणजे लिथुआनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर करण्याआधी, देश सोडून गेला किंवा हद्दपार झाला असेल, तर दुसरे नागरिकत्वही राखता येते. त्यासाठी तीन पुरावे लागतात: पूर्वजाचे नागरिकत्व, त्याचे देशाबाहेर जाणे आणि जन्म-विवाह दाखल्यांची अखंड साखळी. बहुतेक अर्ज या साखळीतच अडकतात. बाप काझ्लाउस्कास, आई काझ्लाउस्किएने आणि मुलगी काझ्लाउस्काइते ही एकाच घरातली आडनावे परदेशी कारकुनाला तीन कुटुंबांची वाटतात. दुसरा सापळा व्हिल्नियसचा. ते शहर सप्टेंबर १९३९ पर्यंत पोलंडकडे असल्याने तिथल्या आजोबांचा पासपोर्ट पोलिश निघू शकतो. १९१८ पूर्वी गेलेले तर झारच्या रशियाचे प्रजाजन होते. त्यांच्या वंशजांना या वाटेने सहसा काही मिळत नाही.

११ मार्च १९९० नंतर कामधंद्यासाठी गेलेल्यांना दुहेरी नागरिकत्वाची सवलत अपवादानेच मिळते. ती देण्यासाठी राज्यघटनेचे बारावे कलम बदलण्याचे सार्वमत २०१९ आणि २०२४ मध्ये झाले. दोन्ही वेळा मतदान करणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश बाजूने होते. पण सर्व नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचा होकार लागतो आणि तितकी मते पडली नाहीत.